भगत बाईंच्या साइटवरचे पाहुणे

भगत बाईंनी मला आयुष्यात दोनदा नापास केलं. पहिल्यांदा चौथीत, भागाकारात. दुसऱ्यांदा माझ्या स्वतःच्या दुकानात, सर्व्हरचा तज्ज्ञ म्हणून मी फिरत्या खुर्चीवर बसलेलो असताना. पहिल्या वेळी मी रडलो होतो. दुसऱ्या वेळी चहा मागवला, कारण तोंड लपवायला दुसरं काही सुचलं नाही.

बाई जैनथकडच्या एका गावात मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर आदिलाबादला येऊन राहिल्या. अंगानं किरकोळ, पण चालणं असं की सोबतच्या माणसाला पळावं लागे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छत्री, मग उन्हाळा असो की हिवाळा. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. तिचा उपयोग त्या दाखवण्यासाठी करत. हे घर, तो मुलगा, ती चूक. तेलुगू पालक त्यांना ‘मॅडमगारू’ म्हणत, बाजारातले मुसलमान दुकानदार ‘टीचर आपा’ म्हणत, आणि आम्ही सगळे बाई.

त्यांचं बोलणं दोन प्रकारचं होतं. एरवी त्या आमच्यासारख्याच बोलत, वऱ्हाडी वळणानं. राग आला की पुस्तकातलं मराठी सुरू होई. ‘काऊन रे, काल आला नाही?’ असं विचारलं तर सगळं ठीक आहे असं समजायचं. ‘तू काल का आला नाहीस?’ असं म्हणाल्या की अख्खा वर्ग पाट्या सावरून बसायचा. शाळा सुटून वीसेक वर्षं झाली तरी शुद्ध मराठी ऐकलं की मी आपोआप सरळ बसतो. आकाशवाणीच्या बातम्यासुद्धा मी जरा धाकातच ऐकतो.

निवृत्तीनंतर बाईंनी लग्नं जुळवायला घेतली. ठरवून नाही. जिल्ह्यातल्या आमच्या समाजातल्या निम्म्या आईबापांना त्यांनी पाढे शिकवले होते. त्यांची पोरं लग्नाची झाली तेव्हा लोक बाईंकडेच यायला लागले. कोण कुठे शिकतंय, कोणाची नोकरी पक्की आहे, कोण दारू पितो आणि कोण पीत नाही म्हणून सांगतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. मी एकदा विचारलं होतं, हा नसता व्याप कशाला. त्या हसून म्हणाल्या, “माह्या मायचं लगन कसं झालं ठाऊक हाय का तुले? आज्या दुसऱ्याच्या वावरात मजुरी करे. दोन गावाच्या पलीकडं मानसं राह्यतात हेच त्याले ठाऊक नव्हतं. मंग जो पयला दारात आला त्याले माय देऊन टाकली.”

“मग, बाई?”

“मंग काय. मानूस वाईट नव्हता. पन तिले निवडाले भेटलं नाही ना.”

तेवढंच बोलून त्या चालायला लागल्या आणि मी नेहमीसारखा मागून पळालो.

मुलगा पाहायला जाताना त्या मला मोटारसायकलसकट न्यायच्या. एकदा आम्ही पैनगंगा ओलांडून एका घरी न सांगता जाऊन धडकलो. मुलगा बँकेत, घर पक्कं, आईवडील गोड बोलणारे. मुलाची आई चहाला उठली तशी बाईंनी छत्रीनं मुलाकडे दाखवलं. “त्याले करू द्या.” मुलगा आत गेला. बराच वेळ भांडी वाजली. मग तो ट्रे घेऊन आला, कपाळावर घाम, चहात साखर नाही. बाईंनी तोच चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “साखर विसरला. पन गॅस बंद केल्ता का नाही ते पाह्याले परत गेल्ता. चालते.” ते लग्न झालं. मी त्या लग्नात जेवलोही.

माझं दुकान कापूस बाजाराच्या रस्त्यावर आहे. पाटीवर इंग्रजीत ‘वेब सोल्यूशन्स’ असं लिहिलेलं आहे आणि पाटीखाली लोक लॅमिनेशन करायला येतात. एका सकाळी बाई आल्या, खुर्ची पुसून बसल्या आणि म्हणाल्या, “कांबळे प्रशांत मधुकर.” त्या सगळ्यांना हजेरीतल्या नावानंच हाक मारत. “आता माह्या डोस्क्यात मावत नाही. लगनाची साइट करून दे. जैनथच्या पोरीले नांदेडचा पोरगा दिसला पायजे.”

मी खूश झालो. इतकी वर्षं पाटीवर जे लिहिलं होतं ते करण्याची ही पहिलीच वेळ. बाईंना मी व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कुठल्या तरी दूरच्या शहरात एक भलंमोठं यंत्र असतं, त्याचे मानलेले तुकडे पाडतात आणि एकेक तुकडा भाड्यानं देतात. आपण सगळ्यांत लहान तुकडा घ्यायचा, एक प्रोसेसर, थोडी मेमरी. “म्हंजे भाड्याची खोली,” बाई म्हणाल्या. मी आणखी अर्धा तास समजावलं. शेवटी तेही भाड्याची खोलीच निघालं.

माहितीच्या रकान्यांवर मात्र बाईंनी माझं काही चालू दिलं नाही. इतर साइटी पाहून मी ‘रंग’ असा रकाना ठेवला होता, तो त्यांनी काढायला लावला. ‘स्वयंपाक येतो का’ हा प्रश्न मी फक्त मुलींना ठेवला होता, तो मुलांनाही आला. नमुना म्हणून आधी माझीच माहिती भरली, कारण लग्नाचा मीही होतो आणि समोर मीच बसलो होतो. स्वयंपाक येतो का? मी लिहिलं, ‘अंडी’. फोटोसाठी मित्राचा ब्लेझर घातला. तो खांद्यांना मोठा होता, पण फोटोत खांदे माझेच वाटत होते. मग प्रत्येक पानावर ‘नमुना पाहा’ असं एक बटण ठेवलं. ते दाबलं की मी दिसायचो.

साइट सुरू झाली. लोक माहिती आणून देत, बाई तपासत, मी चढवत असे. फोटो, गाव, शिक्षण आणि खाली फोन नंबर, म्हणजे पाहणाऱ्याला सोपं. नंबर उघडा ठेवण्याची कल्पना माझी. प्रत्येकाच्या पानाखाली किती वेळा पाहिलं गेलं तो आकडा यायचा, ती हौसही माझीच.

काही महिन्यांनी मला सर्व्हरवाल्या कंपनीचे मेल यायला लागले. सर्व्हरचा प्रोसेसर नव्वद टक्क्यांच्या वर गेला आहे. आधी आठवड्यातून एखादा, मग रोज, मग दिवसातून कितीतरी. साइट उघडायला वेळ लागायचा, कधी उघडायचीच नाही. रविवारी लोकांना सुट्टी असते, नेमकं तेव्हा जास्त. त्यावर माझ्याकडे एकच औषध होतं. सर्व्हर बंद करून परत चालू करायचा. चालू झाला की तो थोडा वेळ शहाण्यासारखा वागे आणि मी बाईंना फोन करून सांगत असे, “बाई, दुरुस्त केली.” असं मी इतक्यांदा दुरुस्त केलं की एखाद्याला वाटावं मला खरंच काही येतं.

इंटरनेटवर जे जे उपाय सापडले तेही केले. कोणी लिहिलं होतं, वेग वाढवणारं अमुक एक प्लगइन बसवा. ते बसवलं, तर प्रोसेसर पंच्याण्णववर गेला. कोणी लिहिलं होतं फोटो लहान करा. मी एका फटक्यात सगळे फोटो इतके लहान केले की जिल्ह्यातले सगळे उपवर तिकिटाएवढे झाले आणि एका मुलीच्या बापानं फोन करून विचारलं, नवरदेवाला मिशी आहे की नाही. सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवणारा एक तक्ता असतो. तो उघडून मी तासन् तास पाहायचो. सगळ्यात वर डेटाबेस, म्हणजे माहितीचं कोठार, आणि त्याच्या मागे साइटचा प्रोग्राम, दोघंही धापा टाकत. कोण खातंय ते दिसत होतं. त्यांना कोण पळवतंय ते विचारायचं मला सुचलं नाही.

न सुचण्याला एक कारणही होतं. पाहणाऱ्यांचे आकडे झपाट्यानं वाढत होते आणि सगळ्यांत जास्त माझा होता. दिवसाला शेकड्यांनी कोणीतरी मला पाहत होतं. मी पक्की समजूत करून घेतली होती की नांदेड किंवा यवतमाळकडची एखादी मुलगी आहे, जिला निर्णय घ्यायला वेळ लागतोय. मी दाढी रोज करायला लागलो होतो.

मग वधू-वर मेळावा आला. बुद्धविहाराशेजारच्या हॉलमध्ये गावोगावचे आईबाप जमले होते. मी पडद्यावर साइट दाखवणार होतो. बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. तो फिरतच राहिला. मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, आपली साइट आता जगभर पाहून राह्यले लोक, म्हणून लोड आला हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल दिली. मी आकडेही सांगितले, अमेरिका, सिंगापूर, जर्मनी. एका काकांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं की जर्मनीतलं एखादं स्थळ त्यांच्या भाच्याला चालेल का. मी पाहतो म्हणालो.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या पहिल्या रांगेत मांडीवर छत्री आडवी ठेवून फिरणाऱ्या गोलाकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तोच त्या आल्या. “जगभर कोन पाहून राह्यलं रे?”

“लोक, बाई.”

“कोन लोक? नावं सांग. जर्मनीत आपले कोन हायेत?”

मी सांगितलं, असं नावानिशी कळत नाही. मग म्हणालो, थोडंफार कळतं. सर्व्हर एक नोंद ठेवत असतो, कोण आलं, कुठलं पान मागितलं.

“मंग तू ते वाचली?”

डोकेदुखीवर इतके दिवस गोळ्या देत होतो आणि दुखतं कुठे ते विचारलंच नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि खुर्ची माझ्या शेजारी ओढली. “वाच.”

मी नोंद उघडली. ओळींमागून ओळी धावत होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी येणारा स्वतःची ओळख सांगतो, आणि त्यातल्या बहुतेकांच्या नावात ‘बॉट’ होतं. म्हणजे माणसं नाहीत, साइटी चाळत फिरणारे प्रोग्राम. काही लबाड होते, ओळख माणसासारखी सांगत, पण एका श्वासात इतकी पानं मागत की माणसाला जमणं शक्य नाही. त्यांना आमचे शोधाचे रकाने सापडले होते. आधी शिक्षण, मग वय, मग गाव. तेच पुन्हा आधी गाव, मग वय, मग शिक्षण. त्यांच्या दृष्टीनं प्रत्येक वेळी नवीन पान, आणि आमचा बिचारा सर्व्हर प्रत्येक वेळी सगळं कोठार उपसून तीच ती मुलगी नव्यानं शोधून देत होता. सगळ्यांत जास्त मागितलेलं पान माझं होतं. ते प्रत्येक पानावर लटकलेलं होतं ना, नमुना म्हणून. ज्याला त्याला पहिला मीच भेटायचो.

यवतमाळची मुलगी तिथंच संपली.

बाई पडद्याकडे पाहत होत्या. “यायले लगन करायचं हाय का?”

“नाई बाई. हे मशीन हायेत.”

“मंग कायले पाह्यतात?”

“उतरवून नेतात सगळं. कोणी शोधासाठी, कोणी मशीनले शिकवासाठी, कोणी विकासाठी. सगळ्याइचं मले बी ठाऊक नाई.”

बाहेर कापसाचा एक टेंपो हॉर्न देत गेला.

“मुलींचे फोटोसुद्धा नेले का?”

मला आधी ‘सुद्धा’ ऐकू आलं आणि मग प्रश्न कळला. त्या शुद्ध बोलायला लागल्या होत्या.

“हो, बाई.”

“आणि दूरध्वनी क्रमांक?”

“ते पानावरच हायेत, बाई. पण आता कारण सापडलं ना. यांना बाहेरच अडवतो. संध्याकाळपर्यंत प्रोसेसर पाच टक्क्यांवर आणून दाखवतो.”

“प्रोसेसरबद्दल मी तुला काहीही विचारलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “साइट बंद कर. आत्ता.”

मी बंद केली. आमचा प्रोसेसर शून्यावर आला. इतक्या महिन्यांच्या माझ्या खटपटीतला हा एकच उपाय पूर्ण लागू पडला. चहा मागवला तो तेव्हा. बाई चहा न पिताच उठल्या. “मोटरसायकल काढ. घरोघरी सांगायला जायचं आहे.”

मी म्हणालो, सगळ्यांना एक मेसेज टाकून देऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हेल्मेट शोधायला लागलो.

पुढचे कित्येक दिवस आम्ही फिरत होतो. प्रत्येक घरात बाई एकच सांगत: तुमच्या मुलीचा फोटो आणि नंबर आमच्या साइटवरून बाहेर गेला आहे, कोणाकडे गेला ते सांगता येत नाही, चूक माझी आहे. पहिल्या घरी मी वाट पाहत होतो की आता छत्री माझ्याकडे वळेल. वळली नाही. दुसऱ्या घरीही नाही. मीच मध्ये काही बोलायला गेलो तर म्हणाल्या, “तू गाडीपाशी थांब.”

लोकांचं काय, बऱ्याच जणांना त्यात काही वाटलं नाही. एक मुलगी हसून म्हणाली, बाई, माझा नंबर रिचार्जच्या दुकानदाराजवळ बी हाय. जैनथच्या एका घरात मुलीनं बाईंचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग दाराशी उभ्या असलेल्या मला विचारलं, “तो कोटवाला फोटो तुमचाच हाय का?” मी हो म्हणालो. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ‘बरं’ म्हणून आत गेली. परतीच्या वाटेवर बाई मागून म्हणाल्या की या घरी तुझ्यासाठी विचारून ठेवलं होतं, तिनं नाही म्हणून सांगितलं आहे. पुढे बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, “तिचं बराबर हाय.”

गुडीहत्नूरला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिथला राजू भालेराव मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, कारकून आणि बाईंचा जुना विद्यार्थी. त्याची वैशाली आदिलाबादला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आम्ही गेलो तेव्हा ती घरीच होती, कॉलेजच्या दिवशी. बाईंनी विचारलं तर राजू आधी टाळाटाळ करत होता. मग म्हणाला, तिला नको ते फोन येत होते, रात्री-बेरात्री, अनोळखी माणसांचे. कोणाला नंबर दिला म्हणून विचारलं, तर म्हणते कोणालाच नाही. म्हणून फोन कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि कॉलेज बंद केलं. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे डोळे कोरडे होते. मला वाटतं तिचं रडून झालं होतं.

ते फोन आमच्या साइटमुळेच येत होते की दुसऱ्या कशामुळे, हे मला आजही ठाऊक नाही. मी तसं म्हणालोही असतो. बाईंनी मला बोलूच दिलं नाही.

“राजू, तिने कोणालाही नंबर दिलेला नाही,” त्या म्हणाल्या. “मी दिला. फोटो मी लावला, नंबर मी लावला.”

“तुमच्यावर नाई म्हनून राह्यलो, बाई. पन जमाना खराब हाय. घरात राह्यलेली बरी.”

“शिक्षा ज्याने चूक केली त्याला करतात. मी तुला हे दुसरीत शिकवलं होतं.” बाईंनी पिशवीत हात घालून स्वतःचा मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. “हा ठेव कपाटात. तिचा बाहेर काढशील तेव्हा माझा परत दे.”

राजू उभाच राहिला. “बाई, हे काय बोलता तुमी.”

“कुलूप लाव,” बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मी मागून पळालो.

मला आतापर्यंत वाटत होतं की बाईंना त्या फोनशिवाय चालतं. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तर त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि हात उगाच पिशवीत जाऊन परत येत होता. त्यांचा मुलगा नागपूरला असे आणि रोज संध्याकाळी फोन करी. मी माझ्या फोनवरून लावून दिला. “बरी हाय,” त्या मुलाला म्हणाल्या. “फोन दुरुस्तीले देल्ला.” बाईंच्या तोंडून ऐकलेलं ते एकमेव खोटं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलेलो असताना राजू आला. चेहरा ओढलेला, केस विस्कटलेले. त्यानं बाईंचा फोन काढून ओट्यावर ठेवला.

“बाई, हा दिवसभर वाजते. कुलुपातून वाजते. ऑफिसात नेला तर तिथं वाजते. एकजन म्हने पोराची उंची सांगा. एकजन म्हने पाहुणे येऊन बसले, आता काय करू. दोनजन तर मलेच तुमचा भाऊ समजून रडले.”

“तू काय सांगितलंस?”

“एकाले म्हनलं पोहे करा. मले काय समजते?”

“वैशालीचा फोन?”

“देल्ला.”

“आणि कॉलेज?” हे अजून शुद्धात होतं.

“सकाळच्या बसनं गेली, बाई.”

बाई हलल्या, उठल्या आणि आत जाऊन राजूसाठी पाणी घेऊन आल्या. “काऊन रे,” त्या म्हणाल्या, “जेवला नाही वाटते दिवसभर?” राजूनं ग्लास घेतला आणि तोंडाला न लावता तसाच धरून बसला. मी ओट्यावरून उतरून मोटारसायकलचं काहीतरी पाहायला गेलो.

नंतर मी साइट परत उभी केली, या वेळी बाईंनी सांगितली तशी. फोटो नाही, नंबर नाही. आत यायला पासवर्ड, आणि तो बाई स्वतः ओळख पटल्यावरच देणार. फिरत्या मशीनांना मी दारातच अडवलं. एका पत्त्यावरून घाईघाईनं पानं मागणाऱ्याला सर्व्हर आता थांब म्हणतो. प्रोसेसरची रेषा तळाला जाऊन पडली ती तिथंच राहिली. मला धोक्याचे मेल यायचे बंद झाले आणि खरं सांगतो, थोडं चुकल्यासारखं वाटलं. माझी खबर घेणारं तेवढंच कोणीतरी होतं.

त्या दिवसांत एकदा मी जुनी नोंद पुन्हा उघडली होती. सगळी मशीनं गाळून खरी माणसं किती उरतात ते पाहायचं होतं. फारच थोडी उरली. पाच-पंचवीस घरं, कोणी कधी येणारं. फक्त एका मोबाइलवरून रोज सकाळी कोणीतरी साइटवर यायचं, अगदी सुरुवातीपासून. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत एकेक पान उघडायचं, जरा थांबायचं, पुढे जायचं. मधलं एकही सोडायचं नाही. फोन आदिलाबादचाच होता. कोणाचा ते मला शोधावं लागलं नाही. त्यात माझंही पान होतं, पण रोज एकदाच, इतर सगळ्यांएवढाच वेळ. बाईंना मी हे कधी सांगितलं नाही.

वैशालीचं शिक्षण पूर्ण झालं. ती आता आदिलाबादलाच एका दवाखान्यात नोकरी करते, आणि साइटचे पासवर्ड देण्याचं काम बाईंनी तिच्याकडे सोपवलं. नव्या माणसाची ती इतकी कसून चौकशी करते की दोन जण मध्येच पळून गेले. बाईंना ते फार आवडलं होतं. माझं लग्न अजून व्हायचं आहे. स्वयंपाकाच्या रकान्यात मी आता ‘अंडी, खिचडी’ असं लिहिलं आहे. वैशालीनं पुरावा मागितला.

बाई मागच्या हिवाळ्यात वारल्या, झोपेतच. नागपूरहून मुलगा आला होता. विहारापासून चौकापर्यंत लोक उभे होते, आणि कोणाला कोणाचं काय लागतं ते नीट सांगू शकणारं माणूसच तिथं उरलं नव्हतं.

पण मला त्या दिसतात त्या तिथल्या नाहीत, त्याच्या थोडं आधीच्या. कापसाचा हंगाम होता. माझ्या दुकानासमोरचा रस्ता बाजाराकडे निघालेल्या गाड्यांनी पार तुंबलेला, टेंपो, ट्रॅक्टर, मध्ये अडकलेले ऑटो. एका ऑटोत बाई बसलेल्या होत्या. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या बाहेर वाकून पुढच्या टेंपोवाल्याला तेलुगूत म्हणत होत्या, “कोंचेम पक्ककु पेट्टू, बाबू.” जरा बाजूला घे, बाळा. तो काही घेऊ शकत नव्हता, त्याच्याही पुढे गाड्या होत्या. तेव्हा बाई ऑटोतून उतरल्या, पदर खोचला आणि दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून आडव्या होत चालायला लागल्या. दोन्हीकडे कापूस भरभरून वर आलेला, फट इतकी अरुंद की साडी घासत होती. पलीकडे निघाल्या तेव्हा पाठीला आणि खांद्याला कापसाचे पांढरे पुंजके चिकटलेले होते. त्यांना ते ठाऊक नव्हतं. कोणाच्या तरी घरी वेळेवर पोचायचं असावं, कारण त्या भराभर चालत गेल्या.